बाप म्हणावं असं कुरण

झापोरिझ्झियाच्या कोसॅकांची, म्हणजे जुन्या काळच्या लढवय्या, स्वतंत्र बाण्याच्या टोळ्यांची, एक म्हण आहे: सिच ही आई आणि वेलिकी लुह हा बाप. सिच म्हणजे त्यांचा तटबंदीचा तळ. छावणी, कचेरी, देऊळ, दारूगोळा सगळं एकाच लाकडी कुसाच्या आत. आणि वेलिकी लुह, शब्दशः 'मोठं कुरण', म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये द्नीप्रो नदीच्या डाव्या अंगाला, खोर्तित्सिया बेटापासून खाली पसरलेलं प्रचंड पूरमैदान.

आपल्याकडे नदीला आई म्हणायची सवय जुनी आहे. पण पुराच्या पाण्याला बाप म्हणणारं कुणी शोधूनही सापडणार नाही. आपण पुराच्या रेषा आखतो, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, आणि मग रेषेच्या आत बांधकाम झालं की नाही यावर वर्षानुवर्षं भांडतो. या लोकांनी रेषेच्या आतच संसार मांडला होता. संसार हा शब्द तसा जपूनच वापरायला हवा, कारण सिचमध्ये बायकांना प्रवेश नव्हता.

खोर्तित्सियाच्या वरच्या अंगाला द्नीप्रो कठीण ग्रॅनाइटच्या पट्ट्यातून वाहायची. तिथे नऊ मोठे खडकाळ टप्पे होते, त्यांना 'पोरोही' म्हणत. 'झा पोरोहामी' म्हणजे त्या टप्प्यांच्या पलीकडे, त्यावरून झापोरिझ्झिया. १९३२ साली द्नीप्रोचं मोठं जलविद्युत धरण पूर्ण झालं आणि हे टप्पे पाण्याखाली गेले. नाव तेवढं उरलं. खडकातून सुटलेली नदी खाली सपाटीवर आली की सैल पडायची. मुख्य पात्राला समांतर कोन्का नावाचा फाटा निघायचा आणि या दोघांच्या मधल्या जागेत ओढे, डोह, सोडून दिलेली जुनी पात्रं, वाळूचे उंचवटे, बोरूची बेटं आणि जंगल यांचं असं काही जाळं व्हायचं, की त्याचा नकाशा काढला तरी तो पुढच्या वर्षी चुकायचा. अशा पाण्यात उभ्या असलेल्या जंगलाला आणि बोरूच्या रानाला तिकडे 'प्लावनी' म्हणतात. शब्द ऐकला की आपल्याला 'जलप्लावन' आठवतं, आणि ते कानाचं फसणं नाही. दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूतून आले आहेत.

अशा मैदानात जमिनीची उंची दिवसांत मोजायची असते: वर्षातले किती दिवस हा तुकडा पाण्याखाली असतो? पाणी जिथे जवळजवळ हटतच नाही तिथे बोरू आणि पाणकणीस. त्याच्या वर पांढरा विलो, म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा युरोपातला भाऊ. हा महिना-दोन महिने पाण्यात उभा राहू शकतो, खोडातूनच तांबूस मुळ्या फोडतो. त्याच्या वर काळा पॉप्लर. मग कुरण, जिथे पूर येऊन जातो आणि मागे गवत ठेवतो. आणि सगळ्यात वर, वाळूच्या जुन्या वरंब्यांवर, ओक. ओकाला काही आठवड्यांचा पूर चालतो, त्याहून जास्त नाही. हे सगळे थर एकमेकांपासून मीटर-दोन मीटर उंचीच्याच अंतरावर. म्हणजे पाण्याची सरासरी पातळी हातभर बदलली तरी कोण कुठे राहणार याची पुन्हा वाटणी होते.

आणि पूर कधी यायचा, याला फार महत्त्व. द्नीप्रो दोन हजार दोनशे किलोमीटर लांब आहे आणि तिचं बरंचसं पाणी दूर उत्तरेकडच्या जंगलांतल्या बर्फाचं. ते वितळून खाली पोचायला वेळ लागतो. त्यामुळे वेलिकी लुहमधला स्थानिक बर्फ कधीच सरलेला असतो, गवत घोट्याइतकं झालेलं असतं, आणि तेव्हा, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात, पाणी चढतं. उथळ, उन्हाने तापलेलं, गवतावर पसरलेलं पाणी. माशांना याहून चांगली जागा मिळणार नाही. पाइक सगळ्यात आधी, पाणी चार ते आठ अंशांवर असतानाच अंडी घालतो. कार्प थांबतो, सतरा-अठरा अंश झाल्याशिवाय त्याचं मन वळत नाही. त्याची अंडी चिकट असतात, बुडालेल्या गवताच्या पात्यांना चिकटून बसतात आणि तीन ते पाच दिवसांत फुटतात. पुढे पिलांना काही आठवडे तेच उथळ, सूक्ष्मजीवांनी दाटलेलं पाणी लागतं.

बिघडतं ते इथे. अंडी घातल्यावर दोन दिवसांत पाणी फूटभर उतरलं, तर अंडी गवतावर हवेत लटकतात आणि दुपारपर्यंत वाळून जातात. थोडं उशिरा उतरलं तर पिलं डबक्यांत अडकतात. तेव्हा बगळ्यांच्या वसाहतींत पिलांना भरवण्याची घाई असते. राखी बगळे, ढोकरी, मोर शराटी त्या डबक्यांवर तुटून पडतात आणि रात्री रानडुकरं उरलंसुरलं उकरतात. एवढं त्या मैदानाच्या हिशेबात बसणारं आहे. पाणी हळू उतरलं की माशांचं वर्ष, झटकन उतरलं की बगळ्यांचं. मात्र दरवर्षीच झटकन उतरू लागलं तर चार-पाच वर्षांत बगळ्यांनाही काही उरत नाही.

कोसॅकांचं पोट या माशांवर होतं. धान्य तिथे महाग, बाहेरून यायचं. मासा घरचा. त्यांच्या स्वयंपाकातले पदार्थ बघा: 'सोलोमाखा' म्हणजे पाण्यात शिजवलेली राईच्या पिठाची दाट पेज, तेच पीठ माशाच्या रस्स्यात शिजवलं की 'श्चेर्बा'. राई म्हणजे इथे मोहरी नव्हे, गव्हाच्या कुळातलं ते थंड मुलखातलं काळपट धान्य. सिचमध्ये अडतीस 'कुरिन' होते. कुरिन म्हणजे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर जेवणारी तुकडी. नव्या वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या कुरिनांची सभा भरायची आणि नदीचे कोणते फाटे, कोणते डोह कोणत्या कुरिनाच्या जाळ्याला, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. एका वर्षापुरतं. वरवर हे बरोबरीच्या तत्त्वज्ञानासारखं दिसतं आणि ते होतंही, पण त्यामागे साधा व्यवहार दिसतो. पूर दरवर्षी फाटे हलवतो. गेल्या साली जो डोह सोन्याचा होता तो यंदा गाळाने भरलेला असू शकतो. अशा ठिकाणी सातबारा काढून उपयोग काय? जमीन हलत असली की हक्कही हलता ठेवावा लागतो.

त्यांची बोट हा या मैदानाचाच एक तुकडा होता. तिला 'चायका' म्हणत. बोप्लाँ नावाचा फ्रेंच इंजिनिअर सतराव्या शतकात पोलंडच्या राजाच्या नोकरीत सतरा वर्षं या भागात होता. त्याने ही बोट कशी बांधतात ते पाहून लिहून ठेवलं. (त्यानेच हेही लिहिलं आहे की इथल्या डासांनी त्याचा चेहरा इतका सुजवला की डोळे उघडेनात. कुणाला हे मैदान फार रम्य वाटू लागलं तर एवढं लक्षात ठेवावं.) चायकाला कणा नसायचा. तळाला विलोचं किंवा लिंडेनचं पंचेचाळीस फुटी खोड, आतून कोरलेलं. त्याच्या दोन्ही कडांवर दहा-बारा फुटी, फूटभर रुंद फळ्या एकीवर एक चढवत, प्रत्येक थर थोडा बाहेर काढत खिळे ठोकायचे. असं करत बोट साठ फूट लांब आणि वर दहा-बारा फूट रुंद व्हायची. आता अशी बोट काळ्या समुद्राच्या लाटेत पाणी घेणार हे उघड आहे. म्हणून बाहेरच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिंपाएवढ्या जाड बोरूच्या पेंढ्या लिंडेनच्या सालीच्या वाखाने आवळून बांधायच्या. आत पाणी भरलं तरी पेंढ्या तिला बुडू द्यायच्या नाहीत. बोरूची नळी पोकळ, गाठींनी बंद केलेली. शेकडो हवाबंद कप्पेच म्हणायचे. बोरू पक्का वाळल्यावर कापलेला हवा, ओला असला तर तो जड, शिवाय लवकर कुजतो.

दोन्ही टोकांना एकेक सुकाणू. साठ फुटी बोट अरुंद फाट्यात किंवा शत्रूसमोर वळवत बसायला वेळ नसतो. वल्हेकरी उलटे बसले की झालं. प्रत्येक बाजूला दहा ते पंधरा वल्ही. माणसं पन्नास ते सत्तर, चार ते सहा छोट्या तोफा. एका बोटीला साठ माणसं लावली तर ती पंधरवड्यात तयार होई, कारण त्यातला प्रत्येक जण हरकामी. शिदोरीला एका मोठ्या पिंपात सुकवलेला पाव, एकात शिजवलेली बाजरीसारखी मिलेट, एकात पातळ आंबवलेलं पीठ. दारू मात्र बिलकुल नाही. मोहिमेवर कुणी प्यायलेला सापडला तर सरळ पाण्यात. पाण्याच्या वर बोट जेमतेम अडीच फूट दिसायची. त्यामुळे तुर्कांचं उंच गलबत यांना आधी दिसे, यांची बोट त्यांना नंतर. दिवसभर सूर्य पाठीशी ठेवून लांबून पाठलाग, आणि मध्यरात्री वल्ही मारून धडक.

समुद्रावर निघायचा हंगामही ठरलेला. सेंट जॉनच्या सणानंतर, म्हणजे जूनच्या अखेरीस, निघायचं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत. नदीच्या तोंडाशी तुर्कांच्या युद्धनौका टपून असत, म्हणून अमावास्येच्या आसपासच्या काळोख्या रात्री गाठून, तोवर बोरूत दडून बसून, मग सटकायचं. मोहिमेचं पंचांगही बोरूत बसूनच काढलं जाई.

परतीच्या वाटेवर पाठलाग झालाच तर पुन्हा बाप उभा. चोर्तोमलिक नदी जिथे द्नीप्रोला मिळते तिथल्या बेटांच्या जंजाळाला बोप्लाँ 'विस्कोवा स्कार्बनित्सिया' म्हणतो, लष्कराचा खजिना. त्याच्या अंदाजाने दहा हजारांवर बेटं. काही कोरडी, काही दलदलीची, सगळी भाल्याएवढ्या उंच बोरूने झाकलेली. तुर्की गलबतं एकदा आत शिरली आणि बाहेरची वाटच सापडेना, बोरूतून गोळ्या सुटत राहिल्या. तेव्हापासून ती नदीत फार आत फिरकली नाहीत, असं तो लिहितो. लुटीतल्या तोफा पाण्याखाली लपवलेल्या, आणि प्रत्येक कोसॅकाची स्वतःची एकेक गुप्त जागा. अशा गढीला दगड लागत नाही, गवंडी लागत नाही, वेढा घालता येत नाही. तिची एकच अट: दर वसंतात पाणी यायला हवं, नाहीतर बोरू वाळेल, वाटा उघड्या पडतील.

म्हणूनच सिचची जागा बदलत राहिली तरी ती कायम या पाण्याच्याच कडेला राहिली. तोमाकिव्का, बाझावलुक, मिकितिन, चोर्तोमलिक, पिदपिल्ना. १५९४ साली सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा दूत एरिक लासोटा बोलणी करायला आला तो बाझावलुकच्या बेटावर. १६४८ मध्ये बोहदान ख्मेलनित्स्की हेतमान, म्हणजे कोसॅकांचा सरसेनापती, म्हणून निवडला गेला तो मिकितिनच्या सिचमध्ये. चोर्तोमलिकची सिच १७०९ मध्ये रशियाचा झार पीटर पहिला याच्या सैन्याने जाळली. शेवटची, पिदपिल्नावरची, रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिच्या हुकमावरून १७७५ च्या जूनमध्ये बरखास्त झाली. तिचा शेवटचा प्रमुख पेत्रो काल्निशेव्स्की याला उत्तरेकडच्या सोलोव्येत्स्की मठाच्या कोठडीत पाठवलं. पाव शतक तो तिथे कैदेत होता. सुटका झाली तेव्हा शंभरी उलटून गेलेली. तो परत आला नाही, १८०३ साली तिथेच गेला.

त्यानंतर जे घडलं ते या म्हणीचं सगळ्यात चांगलं भाष्य वाटतं. सिच मोडली तेव्हा काही कोसॅक पळून तुर्की सुलतानाच्या हद्दीत गेले. कुठे? डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात, पुन्हा बोरूत. तिथली त्यांची सिच १८२८ पर्यंत टिकली. दुसरा मोठा गट १७९२ पासून कुबान नदीकडे हलवला गेला. तिथेही खालच्या अंगाला तशाच प्लावनी. आई मोडली तर नवी बांधता येते. बाप मात्र निदान त्याच कुळातला हवा.

इकडे वेलिकी लुह माणसांशिवाय राहिला नाही. गावं वसली, कुरणात गुरं, डोहांत जाळी, बोरूची छपरं. दीडशेहून जास्त वर्षं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि ते बरंच आहे.

मग काखोव्का, मैदानाच्या खालच्या अंगाला द्नीप्रोवर बांधलेलं धरण. १९५० मध्ये धरणाचं काम सुरू झालं, १९५६ मध्ये पूर्ण झालं. जलाशय भरत गेला आणि २,१५५ चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. साठा १८.२ अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ६४० टीएमसी. कोयनेची क्षमता १०५, म्हणजे सहा कोयना. पाण्याची नेमून दिलेली पातळी समुद्रसपाटीपासून १६ मीटर. पाणी भरण्याआधी जंगल तोडलं गेलं, गावं उठवली गेली. धरणाचे फायदेही खरे होते: दक्षिणेच्या कोरड्या गवताळ पठाराला कालव्यांनी पाणी, क्रिमियाला पाणी, क्रिवी रिहच्या कारखान्यांना पाणी, पुढे झापोरिझ्झियाच्या अणुवीज केंद्राला थंड करायला पाणी. याकडे कानाडोळा करून लिहिलेलं पूरमैदानाचं गुणगान आम्हाला पटत नाही. ज्या टरबुजांसाठी आणि टोमॅटोंसाठी खेर्सोन ओळखलं जायचं, त्यातल्या कित्येक शेतांना याच कालव्यांचं पाणी होतं.

पण १६ मीटर हा आकडा पूरमैदानाचा शत्रू आहे. आकडा कितीही असता तरी एकच आकडा शत्रूच ठरला असता. पातळी बांधली की थर मोडतात. उथळ, उभं, तापलेलं पाणी उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाने भरतं. ते कुजलं की प्राणवायू संपतो आणि मासे उताणे तरंगतात. लाटा काठावर येऊन आदळतात. इथला काठ म्हणजे 'लोएस', वाऱ्याने आणून टाकलेली भुसभुशीत पिवळट माती. कोरडी असताना उभा कडा धरून राहते, खालून भिजली की घराएवढा तुकडा एका दिवसात कोसळतो. कापुलिव्का गावाजवळ इवान सिरकोची कबर होती, चोर्तोमलिक सिचचा सगळ्यात नावाजलेला सेनानी. काठ खचत तिच्यापर्यंत आला, तेव्हा १९६७ साली ती उकरून दुसरीकडे हलवावी लागली. 

२००६ मध्ये युक्रेनने 'वेलिकी लुह' नावाचं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं, १६,७५६ हेक्टरचं. नाव बुडालेल्या मैदानाचं आणि क्षेत्रात बराच भाग जलाशयाचा. नावाला तेव्हा किंचित हसू यायचं. तरी उद्यान फुकाचं नव्हतं. 'कुचुहुरी' नावाची बेटं त्यात होती, म्हणजे जुन्या मैदानातल्या वाळूच्या वरंब्यांची पाण्याबाहेर राहिलेली टोकं. पाणकावळे आणि बगळे तिथे वसाहती करत, पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड घरटं बांधी, आणि शरदात उत्तरेकडून येणारे बदकांचे थवे तिथे उतरत. त्याच वाळूत सुवर्ण टोळीच्या (म्हणजे इथल्या मंगोल राज्याच्या) काळातल्या एका शहराचे अवशेषही आहेत. धरणाच्या पाण्यावर पक्षी जमतात हे नांदूर मध्यमेश्वर बघितलेल्या माणसाला पटवायला नको. बंधाऱ्याने केलेली पाणथळ जागा ही खोटी नसते. ती फक्त वेगळी असते, आणि तिच्यात मुक्काम करणारे बरेच, जन्म घेणारे मात्र मोजकेच.

६ जून २०२३ च्या पहाटे, रशियन सैन्याच्या ताब्यात असलेलं काखोव्का धरण उद्ध्वस्त झालं. खालच्या अंगाला जे झालं ते आधी सांगायला हवं. खेर्सोनजवळ पाणी पाच मीटरहून जास्त चढलं. ओलेश्की आणि आसपासच्या गावांत माणसं छपरांवर अडकली, कित्येक दगावली. बेटांवरच्या जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची तर पिलंच त्या आठवड्यात होती. नदीकाठच्या वाळूत राहणारा 'वालुकी आंधळा उंदीर', जो जगात फक्त खालच्या द्नीप्रोच्या वाळवंटी पट्ट्यात सापडतो, त्याच्या बिळांचा काही भाग बुडाला. हा पूर कोसॅकांच्या बापासारखा नव्हता. तो येतो तेव्हा जागा करून येतो. हा भिंतीसारखा आला.

वरच्या अंगाला उलटं झालं. दोन-तीन आठवड्यांत जलाशय रिता झाला. मैलोन्‌मैल भेगाळलेला गाळ, त्यावर शिंपल्यांचा खच, मेलेले मासे, १९५० च्या दशकात तोडलेल्या झाडांचे बुंधे. खोर्तित्सियाच्या काठाला एका अखंड ओकाच्या खोडातून कोरलेली जुनी होडी उघडी पडली. दुष्काळी उन्हाळ्यात उजनीच्या पोटातून पळसदेवचं देऊळ वर येतं तेव्हा बघायला गर्दी होते, तशातली गत, फक्त इथे गर्दी करणं शक्य नव्हतं. तो तोफांचा पल्ला होता. वाळवंट होणार, धुळीची वादळं उठणार असं अनेकांनी बोलून दाखवलं. अंदाज अगदीच वेडा नव्हता. पण तारीख बघायला हवी होती.

विलोचं बी हे बियांतलं सगळ्यात घाईचं बी. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, भोवती पांढऱ्या कापसाची झुपकी. आत साठवलेलं अन्न जवळपास नाही आणि सुप्तावस्था अजिबात नाही. झाडावरून सुटल्यापासून काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे ते जिवंत राहतं. तेवढ्यात त्याला उघडी, ओली, ऊन पडलेली माती मिळाली तर चोवीस तासांत कोंब. गवत असेल तर नाही, सावली असेल तर नाही, कोरडं असेल तर नाही. हे बी द्नीप्रोकाठी कधी उडतं? मे अखेर ते जून. कारण जुन्या नदीत त्याच वेळी पूर ओसरत असे आणि ओला गाळ उघडा पडत असे. झाडाने हे वेळापत्रक हजारो वर्षांत पाठ केलं होतं आणि धरणाची सत्तर वर्षं त्याच्या दृष्टीने किरकोळ होती. जलाशयाच्या कडेला आणि बेटांवर उरलेले विलो दर जूनमध्ये कापूस सोडतच होते, पाण्यावर. २०२३ च्या जूनमध्ये पहिल्यांदाच तो गाळावर पडला.

इथे जाणकाराला शंका यावी. कोंब फुटणं सोपं असतं, जगणं अवघड. पाणी उतरतं तसं रोपाचं मूळ खाली धावतं, आणि त्याचा वेग दिवसाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पाण्याची पातळी त्याहून झपाट्याने खाली गेली तर मूळ मागे पडतं आणि रोप आठवड्यात मरतं. काखोव्काचं पाणी तर सुरुवातीला दिवसाला मीटरच्या हिशेबात उतरत होतं. मग रोपं वाचली कशी? सत्तर वर्षांच्या गाळाने वाचवली. बारीक चिकण गाळ केशनलिकांसारखं पाणी धरून ठेवतो. वरून भेगा पडल्या तरी वीतभर खाली तो ओला असतो आणि भेगेत पडलेल्या बीला उलट सावलीतला ओलावा मिळतो. जिथे तळ वाळूचा किंवा शिंपल्यांचा होता तिथे रोपं विरळ राहिली किंवा उगवलीच नाहीत. म्हणजे जलाशयाने मैदान मारलं आणि जाता जाता त्याच्या पुनर्जन्मासाठी वाफा करून ठेवला. आपल्याकडे धरणाचं पाणी मागे सरलं की उघड्या गाळावर लोक गाळपेर करतात, तशी ही विलोची गाळपेर. पहिल्याच मोसमात काही ठिकाणी झाडं तीन मीटरपर्यंत चढली. २०२४ च्या वसंतात वरून जास्त पाणी आलं, तेव्हा कोवळ्या जंगलाचा काही भाग पुन्हा पाण्यात उभा राहिला, जसा राहायला हवा तसा.

एवढ्याने वेलिकी लुह परतला असं मात्र म्हणवत नाही. ही सगळी झाडं एका वयाची, इतकी दाट की आतून ससा जाईना. पुढच्या काही वर्षांत त्यातली बहुसंख्य एकमेकांच्या सावलीत मरणार. ते रोग म्हणून बघायचं नाही, तशी विरळणी व्हायलाच हवी. काळजीच्या गोष्टी निराळ्या. एक म्हणजे अमोर्फा, उत्तर अमेरिकेतून आणलेलं, शेंगा धरणारं झुडूप; नदीकाठी एकदा रुजलं की त्याच्या खाली विलोचं बी पडूनही उपयोग नाही. दुसरी गाळाची. वरच्या कारखान्यांचे जड धातू दशकानुदशकं त्यात बसले आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा साठा सुमारे ८३ हजार टन असल्याचा अंदाज मांडला. झाडांच्या मुळांनी गाळ धरून ठेवला तर ते निदान जागेवर राहतील, पण पानांत, किड्यांत, माशांत, समुद्रगरुडात थोडे थोडे चढतही राहतील. आणि तिसरी, सगळ्यात मोठी: वरची पाच धरणं जागेवर आहेत. उत्तरेतलं बर्फाचं पाणी आता त्यांच्या दारांतून, विजेच्या मागणीप्रमाणे सुटतं. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा जास्त, मध्यरात्री कमी. कार्पच्या अंड्यांना ही लय परवडत नाही. एप्रिल अखेरीस पाणी चढवायचं, दोन-तीन आठवडे धरायचं आणि मग दिवसाला दोन-तीन सेंटिमीटरने उतरवायचं, एवढं वेळापत्रक वरच्या धरणाने पाळलं तर मासे आणि विलो दोघांचं भागतं. ते पाळणं अशक्य नाही, महाग आहे.

जुलै २०२३ मध्ये युक्रेन सरकारने धरण पुन्हा बांधण्याच्या प्रकल्पाला मान्यता दिली. पर्यावरणाच्या अभ्यासकांचा मोठा गट विरोधात आहे. ते विचारतात की कालव्यांना पाणी द्यायला २,१५५ चौरस किलोमीटर बुडवायलाच हवेत का, पंपांनी आणि लहान साठ्यांनी भागणार नाही का. कालव्याच्या टोकाचा शेतकरी विचारतो की तोवर पेरायचं कशावर. दोघांचे प्रश्न खरे आहेत. आमचा कल पहिल्या बाजूला आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. पण धरण नको म्हणणाऱ्याने पंपाच्या विजेचा हिशेबही मांडला पाहिजे.

ओक मात्र या वादाची वाट बघत नाहीत आणि घाईही करत नाहीत. विलोसारखे ते वाऱ्यावर येत नाहीत. ओकाचं फळ जड, झाडाखालीच पडतं. ते लांब नेतो 'जे' नावाचा पक्षी, कावळ्याच्या कुळातला, पंखावर निळी चकती असलेला. शरदात तो घशात एका वेळी काही फळं भरतो, उघड्या जागी नेऊन एकेक करून मातीत दाबतो, पान झाकतो. बहुतेक परत शोधून खातो. थोडी राहून जातात. त्यासाठी जवळपास फळ धरणारा जुना ओक उभा हवा. खोर्तित्सियासमोरच्या काठावरचा तो प्रसिद्ध, सातशे वर्षांचा मानला जाणारा ओक गेल्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ वाळून गेला. त्याच्या फळांपासून वाढवलेली रोपं लोकांनी ठिकठिकाणी लावली आहेत, बहुतेक बागांत आणि चौकांत.